एकहाती उचल

ज्ञानोबा सोनकांबळे एसटीत ड्रायव्हर होता. त्याच्या गाडीखाली आख्ख्या नोकरीत एक कोंबडीसुद्धा मेली नाही, असं तो ज्या ज्या डेपोत राहिला तिथले लोक सांगायचे. सांगायचे ते कौतुकानं, आणि थोडं वैतागूनही, कारण त्याची गाडी वेळेवर पोचायची नाही. पुढं उसाची बैलगाडी असली की हा बैलगाडीच्या मागं. ट्रॅक्टर असला की ट्रॅक्टरच्या मागं. मागून लोक ओरडायचे, "ओ ड्रायव्हर, काढा की बाजूनं!" ज्ञानोबा आरशात बघायचा आणि काढायचा नाही. त्याचा कंडक्टर सिद्रामप्पा तिकिटं फाडता फाडता म्हणायचा, "ओरडून उपेग न्हाई. पुढचं वळण दिसल्याबिगर ह्या माणसाचा पाय हलत न्हाई."

तो जन्मापासून असा नव्हता. निलंगा डेपोला लागला तेव्हा चांगला हुशारीत गाडी मारायचा. त्याचं गाव तेरणेच्या काठी, काळ्या दगडांच्या भिंती आणि वर मातीचं जाड माळवद असलेल्या घरांचं. घरात म्हातारी आई, बायको पंचशीला आणि तीन लेकरं. थोरली विशाखा, मधला अश्वजित आणि शेंडेफळ मनिषा.

भूकंपाच्या आदल्या साली, दिवाळीच्या आगंमागं, जमिनीतून आवाज यायला लागले. आधी वाटलं कुठंतरी विहिरीला सुरुंग लावत असतील. मग उतरंडीवरची गाडगी हलली. एकदा विशाखानं भुईला कान लावला आणि विचारलं, "आबा, खाली कोण दळत बसलंय?"

ज्ञानोबानं त्याच दिवशी वळकट्या उचलल्या आणि सगळ्यांना घेऊन खळ्यात झोपायला गेला. तेव्हा अर्धं गाव बाहेरच झोपायचं. पण आठवडे गेले, थंडी वाढली, आणि एकेक घर आत गेलं. पारावर लोक हसायचे. "सोनकांबळ्याचं बिऱ्हाड आजून रानातच हाय व्हय? आरं, काही न्हाई होत. असं होतच आसतंय." आईचा खोकला वाढला. तीही म्हणायला लागली, "ज्ञानू, मरायचंच आसंल तर उबीला मरू दे बाबा." शेवटी एका संध्याकाळी ज्ञानोबानं वळकट्या आपल्याच डोक्यावर घेतल्या आणि सगळ्यांना परत माळवदाखाली आणलं.

धरणी हलली ती पुढच्या साली, गणपती बुडवून आलेलं गाव गाढ झोपलेलं असताना. ज्ञानोबा उदगीरकडच्या एका खेड्यात मुक्कामी गाडी घेऊन गेला होता, गाडीतच झोपला होता. तो घरी पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. घर कुठलं आणि गल्ली कुठली हेसुद्धा कळत नव्हतं. पंचशीला दोन लेकरांना मांडीवर घेऊन एका दगडावर बसली होती. तिच्या केसांत माती होती आणि ती मातीकडं बोट करत होती. म्हातारी आणि विशाखा तिथं होत्या.

त्या दिवसापासून एक गोष्ट ज्ञानोबाच्या मनात रुतून बसली. धरणी न सांगता काही करत नाही. ती सांगते, वर्षभर आधी सांगते. माणूसच वळकटी उचलून आत येतो.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये दिवस निघाले. मदतीचे ट्रक यायचे, आणि त्यांतून काय काय उतरायचं! उन्हाळी मुलखात लोकरीचे कोट, उंच टाचांचे बूट, मेणबत्त्या, बिनबाह्यांचे झगे. अशाच एका खोक्यातून पंचशीलेच्या वाट्याला चाकं लावलेले बूट आले. कुणा परदेशी लेकराचे असतील. शेडमधल्या बायका हसल्या. पण नवीन गाव वसलं, सरळ रेघेतले गुळगुळीत रस्ते झाले, तेव्हा त्या बुटांना काम मिळालं. जोड एकच आणि लेकरं दोन. मग एक बूट अश्वजितनं घालायचा, दुसरा मनिषानं, आणि मधले हात धरून दोघांनी मोकळ्या पायांनी रेटा द्यायचा. सोडला हात की दोघंही खाली. पंचशीला दारात उभी राहून बघायची. भूकंपानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हाच.

ज्ञानोबाची बदली मुखेडला झाली, तिथून नांदेडला. नांदेडात एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर जुबेर सर संध्याकाळी स्केटिंग शिकवायचे. चौफाळा भागातलं जुनं घराणं, वडलांचा अत्तराचा व्यापार. पण ह्यांनी हैद्राबादेत मामाकडं राहून चाकांवरचा नाच शिकून घेतला होता. जोडीनं करायचा प्रकार तर त्यांचा जीव की प्राण. त्यांनी ह्या भावंडांना रस्त्यावर बघितलं आणि मागं मागं घरी आले.

"ज्ञानोबाभाई, एक गोष्ट सांगतो. पळायला कुणालाबी शिकवता येतं. पर ह्या दोघांना एकमेकांचा वजन म्हाईत आहे. हे मी शिकवू शकत न्हाई. हे तुमच्या लेकरांकडं आहेच."

ज्ञानोबानं आधी पंचशीलेकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर उत्तर होतं.

पुढची चार-पाच वर्षं चांगली गेली. जोडी म्हणजे काय, ते ज्ञानोबालाही हळूहळू उमजलं. एकाच तालावर दोघांनी गिरक्या घ्यायच्या, उड्या मारायच्या. पोरानं पोरीचा एक हात धरून तिला जमिनीलगत फिरवायचं, तिचे केस सिमेंटला लागतील न लागतील इतकं खाली. आणि मग उचल. धावत्या चाकांवर पोरीला डोक्याच्या वर घ्यायचं आणि तसंच गरगर फिरत जायचं. मनिषा अंगानं काटकुळी, अश्वजित खांद्यानं भरलेला. ती वर जायची तेव्हा हात पसरायची, आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या ज्ञानोबाला पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं व्हायचं.

"तुला भ्या वाटतं का गं?" त्यानं एकदा तिला विचारलं.

मनिषा पोहे खात होती. विचार करून म्हणाली, "वर गेल्यावर न्हाई वाटत, आबा. खाली येताना वाटतं."

अश्वजित दहावीला चांगल्या गुणांनी निघाला आणि मग घरोघरी जे व्हायचं तेच झालं. लातूर! त्या वर्षांत आख्खा मराठवाडा लातूरच्या वाटेला लागला होता. पोरगा हुशार आहे ना, मग लातूरला टाका. गल्लीगल्लीत क्लास, खोल्याखोल्यांत पोरं, भिंतीभिंतीवर डॉक्टर झालेल्यांचे फोटो. ज्ञानोबाला नांदेड–लातूर गाडी मिळाली होती. त्या गाडीत माणसांपेक्षा डबे जास्त. आयांनी गाठी मारलेले, नावं लिहिलेले डबे बोनेटजवळ रचून ठेवायचे, आणि लातूरच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी असायची. त्यांत अश्वजितही असायचा. बापानं खिडकीतून डबा द्यायचा, लेकानं घ्यायचा. बोलायला वेळ नसायचा.

शनिवारी तो बापाच्याच गाडीनं नांदेडला यायचा. रविवारी दिवसभर मनिषासोबत सराव, आणि सोमवारी पहाटेच्या फेरीनं परत. हे थांबवायचं असं घरात कुणाच्या मनात नव्हतं. जुबेर सर म्हणायचे, राष्ट्रीय स्पर्धेला गेला तर बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील, पुढं खेळाडूंच्या कोट्यात कुठंतरी जागा निघेल. लातूरला एकेका गुणावर माणसं उभी-आडवी होत होती. अश्वजितला डॉक्टर व्हायचं होतं आणि चाचणीत तो काठावर होता, कधी अलीकडं, कधी पलीकडं.

राष्ट्रीयला राज्यातून दोनच जोड्या जायच्या. अडचण तिथं होती.

"आपली पोरं साफ करतात," जुबेर सर एका रविवारी मैदानाच्या कट्ट्यावर बसून ज्ञानोबाला समजावत होते. "पर पंच दोन आकडे दाखवतात, भाई. पहिला, तुम्ही काय केलं त्याचा. दुसरा, कसं केलं त्याचा. दुसऱ्यात आपण पुढं आहो. पहिल्यात मार खातो. पुण्याची, नाशिकची पोरं आता एका हातानं उचलतात. आपण दोन हातानं."

"मग दोन हातानं बरी की. साफ होती ना?"

"साफ केली तर चौथा नंबर. चौथ्याला कोण विचारतं?" सरांनी खडूनं कट्ट्यावर दोन रेघा ओढल्या. "ऐका. एकहाती केली आणि पोरगी पडली, तर थोडे कापतात. पर केली म्हणून मिळतात ते जास्त आहेत. म्हणजे पडूनसुद्धा वर जाता येतं. न पडता खाली राहण्यापेक्षा पडून वर गेलेलं बरं. हे माझं म्हणणं न्हाई. नियमच तसा आहे."

ज्ञानोबानं त्या दोन रेघांकडं बघितलं. "पडल्यावर पोरीचं काय होतं, ते कुठल्या आकड्यात धरतात, सर?"

जुबेर सरांनी खडू खिशात ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. मनिषाला उचलायचा सराव सुरू झाल्यापासून ते स्वतः हात पसरून दोघांच्या मागं चाकांवर फिरायचे, आणि त्यांचा सदरा घामानं भिजून जायचा. "काही न्हाई होत, भाई," ते म्हणाले. "मी आहे ना."

काही न्हाई होत. ज्ञानोबाला पारावरचे ते सगळे चेहरे दिसले, आणि त्यातला एकही आता जिवंत नव्हता.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या, आणि एकदा दिसायला लागल्यावर त्या दिसायच्या थांबेनात. स्टँडवर अश्वजित डबा डाव्या हातानं घ्यायला लागला. गाडीत उभा राहिला तर दांडी डाव्या हातानं धरायचा. "हाताला काय झालंय?" विचारलं तर, "लिहून लिहून आवघडलाय." तो वाळत चालला होता. डोळ्यांखाली काळं, शर्ट अंगावर लोंबायचा. गाडी लातूर सोडायच्या आत त्याची मान खिडकीवर पडायची आणि नांदेड येईपर्यंत तो हलायचा नाही.

एका रविवारी मनिषा गुडघ्याएवढ्या उंचीवरून निसटली. दोघं हसली. पुढच्या रविवारी कमरेएवढ्या उंचीवरून. तेव्हा मनिषा हसली, अश्वजित हसला नाही. पंचशीलेला तिच्या मांडीवर बशीएवढा काळानिळा डाग दिसला, तो तिनं हळद लावून झाकला आणि नवऱ्याला सांगितलं नाही. पण ज्ञानोबाला हळदीचा वास आला.

"बंद करू हे," तो म्हणाला.

पंचशीला भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "का?"

"पोराच्या हातात दम ऱ्हायला न्हाई. पोरगी पडून ऱ्हायली. दोनदा पडली. आपल्याला कळून ऱ्हायलंय ना, मग थांबायचं कधी?"

"चाकावर चढल्यावर पडायचंच. तुम्ही त्या दिवशी तिथं नव्हता," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं हे कधी तोंडातून काढलं नव्हतं. "मी होते. ढिगाऱ्याखालून ह्या दोघांना मी बाहेर वढलं. तवाच मी ठरवलं, आता लेकरं वाचलीत तर ती जगतील. तुमचं भ्या पांघरून बसणार न्हाईत."

ज्ञानोबा उठून बाहेर गेला. त्या दिवसापासून त्याला झोप येईना. डोळे मिटले की वळकटी दिसायची.

राज्य स्पर्धा डिसेंबरात नांदेडलाच आली. आदल्या आठवड्यात अश्वजितचं मनगट सुजलेलं पंचशीलेनंही बघितलं, आणि तिचाही धीर सुटला. ज्ञानोबानं लेकाला समोर बसवलं. "दोन हातानं करायचं. मला शब्द दे." अश्वजितनं मनिषाकडं बघितलं, मग खाली बघितलं. "बरं, आबा. दोन हातानं." जुबेर सरांनाही त्यानं तेच सांगितलं. सर म्हणाले, "जशी तुमची मर्जी."

पहिल्या दिवशी छोटी फेरी झाली. जोडी तिसरी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी फेरी होती. मैदानाला पांढरा मांडव घातला होता, कडेनं दोरी लावलेली, दोरीच्या बाहेर खुर्च्या. ज्ञानोबा रजा टाकून आला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. पंचशीला शेजारी. समोरच्या टेबलामागं पंच, त्यांच्या हातात आकड्यांच्या पाट्या.

अश्वजित आणि मनिषाच्या आधी नाशिकची जोडी उतरली. पोरगी मनिषाच्याच वयाची असेल, लाल झगा. गाण्याच्या मध्यावर पोरानं तिला एका हातावर घेतलं. ती वर गेली, एक फेरा झाला, आणि दुसऱ्या फेऱ्यात पोराचा खांदा कलला. ती तोंडावर आली. सिमेंटवर हाड आपटल्याचा आवाज गाण्यातूनही ऐकू आला. पोरगी हातावर उठली, हनुवटीतून रक्त गळत होतं, तिनं ते तळव्यानं पुसलं आणि पोराचा हात धरला. राहिलेलं सगळं तिनं केलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायका डोळे पुसत होत्या.

पंचांनी पाट्या वर केल्या. आदल्या दिवशी चौथी असलेली ती जोडी दुसरी झाली. लाल झग्याच्या पोरीला दवाखान्यात नेत होते, तेव्हा माईकवरून तिचं नाव पुकारत होते.

ज्ञानोबानं पाट्यांकडं बघितलंच नाही. तो लेकाकडं बघत होता. अश्वजित दोरीच्या आत, चाकं बांधून उभा होता. त्यानं आकडे वाचले, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. उजवं मनगट डाव्या हातानं चोळलं. मग तो मनिषाच्या कानाशी वाकला आणि दोन शब्द बोलला. मनिषानं मान हलवली.

"ते एका हातानं करणार," ज्ञानोबा म्हणाला.

"शब्द दिलाय त्यानं," पंचशीला म्हणाली, पण तिचा आवाज तिचा नव्हता.

गाणं सुरू झालं. दोघं निघाली. गिरकी झाली, जोडउडी झाली, मनिषाचे केस सिमेंटला स्पर्शून गेले. सगळं साफ. ज्ञानोबाला क्रम पाठ होता. आता लांब वळण, वळणाच्या टोकाला वेग, आणि टेबलासमोर उचल. दोघं दूरच्या कोपऱ्यातून वळली. अश्वजितचा डावा हात मनिषाच्या कमरेवरून सुटून मागं गेला. दोन हातांच्या उचलीत तो तिथंच असायला हवा होता.

आपण कधी उठलो, हे ज्ञानोबाला पुढंही आठवलं नाही. त्यानं दोरी उचलली, तिच्याखालून वाकून आत गेला आणि पायांतल्या चपलांसकट मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हात वर केला नाही, ओरडला नाही. नुसता उभा राहिला.

मनिषा जमिनीवरून सुटत होती तेव्हाच अश्वजितला तो दिसला. पोरानं बहिणीला छातीशी ओढलं, अंग वाकडं केलं, बुटाच्या टोकाचा ब्रेक सिमेंटवर घासला. दोघं बापाला वीतभरानं चुकवून गेली आणि मांडवाच्या खांबाजवळ एकमेकांवर कोसळली. मनिषाचे तळवे सोलले. अश्वजितची कोपरं. बाकी कुणाला काही झालं नाही. गाणं मात्र चालूच होतं, कुणीतरी धावत जाऊन ते बंद केलं.

मग जो कल्ला झाला तो विचारू नका. स्वयंसेवकांनी ज्ञानोबाला दोन्हीकडून धरलं. कुणी म्हणालं दारू पिलाय. मुख्य पंच वयस्कर बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना शांत केलं, पोरांचे हात बघितले आणि म्हणाल्या, "बाहेरच्या माणसामुळं अडथळा आला, यात मुलांची चूक नाही. थोडं थांबून पुन्हा सुरुवात करता येईल. करायची आहे?"

"करायचीय," अश्वजित लगेच म्हणाला.

"पुन्हा केलं तर मी पुन्हा मधी येतो," ज्ञानोबा म्हणाला.

"त्यांना बाहेर बसवू आपण," कुणीतरी म्हणालं.

"बसवा. पोलीस बोलवा. मी भिंतीवरून येतो."

तो हे शांतपणे म्हणाला, आणि ऐकणाऱ्यांना कळलं की तो येईल. अश्वजितनं बापाकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर ज्ञानोबाला सोसला असता. पोरगा एखाद्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत होता. मनिषा खाली बसली आणि सोललेल्या हातांनी बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

जुबेर सर दोरीजवळ उभे होते. ज्ञानोबा जवळून गेला तेव्हा एवढंच म्हणाले, "किती साल घातले मी ह्यांच्यात, भाई. किती साल."

अश्वजित दुसऱ्या दिवशी लातूरला गेला तो खाजगी ट्रॅव्हल्सनं. त्यानंतर तो स्टँडवर डबा घ्यायला आला नाही. पंचशीला डबा भरायची, ज्ञानोबा न्यायचा, आणि संध्याकाळी तो तसाच परत आणायचा. शेवटी तिनंच भरायचा बंद केला. "तुम्ही माझ्या लेकरांचं भलं केलं का वाटोळं केलं," ती एकदा म्हणाली, "मला कळंना झालंय." त्यालाही कळत नव्हतं. नाशिकच्या त्या पोरीची हनुवटी शिवली, ती राष्ट्रीयला गेली, तिथं पदक घेऊन आली, असं पेपरात आलं होतं.

बारावीत अश्वजितची डॉक्टरकी थोडक्यात हुकली. त्या वाढीव गुणांनी भागलं असतं की नसतं, हे त्यानं घरात कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो भौतिकशास्त्र शिकला आणि लातूरातल्याच एका मोठ्या क्लासमध्ये शिकवायला लागला. शिकवायचा चांगलं. मनिषा नर्सिंग करून नांदेडच्या एका दवाखान्यात लागली.

जुबेर सरांनी आपला भाचा नबील आणि भाची मनतशा यांची जोडी उभी केली. ती एकहाती उचल करायची. ज्ञानोबा चोरून बघायला जायचा, दोरीपासून लांब, निंबाखाली उभा राहून. प्रत्येक वेळी तो दातांवर दात दाबून धरायचा, आणि प्रत्येक वेळी मनतशा हसत खाली यायची. काही वर्षं ती दोघं खेळली, राष्ट्रीयला जाऊन आली, नबीलला खेळावर नोकरीही लागली. एकदा सरांनी त्याला निंबाखाली गाठलं. आता त्यांच्या दाढीत पांढरं आलं होतं.

"देखा, ज्ञानोबाभाई? काही न्हाई झालं."

"न्हाई झालं," ज्ञानोबा म्हणाला. "लई बरं झालं, सर." आणि तो ते मनापासून म्हणाला.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्यानं मनिषाला विचारलंच. ती ड्यूटीवर निघाली होती, आरशासमोर केस बांधत होती.

"त्या दिवशी दादानं तुझ्या कानात काय सांगितलं होतं?"

मनिषाच्या हातातला चिमटा तसाच राहिला. मग तिनं तो केसांत खोवला. "म्हणाला, 'एका हातानं घेतो, येतीस का?'"

"आणि तू मान हलवलीस."

"हलवली."

"त्याचं मनगट सुजलेलं तुला म्हाईत होतं?"

"मीच तर दर रविवारी शेकायची, आबा."

"मग? जमलं असतं?"

"कुणाला ठाऊक." ती त्याच्याकडं वळली. "तुम्हाला न्हाई ठाऊक, मला न्हाई, दादाला न्हाई. पण मला जायचं होतं वर. हे तुम्ही कधी विचारलं न्हाई म्हणून सांगितलं न्हाई." तिनं पर्स उचलली, त्याच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि रिक्षा पकडायला गेली.

अश्वजितनं नोकरी सोडून लातूरात स्वतःचा क्लास काढला, तेव्हा उद्घाटनाला आईबापांना बोलावलं. पत्रिका टपालानं आली होती. पत्रिकेवर बापाचं नाव होतं. क्लास तिसऱ्या मजल्यावर, एकाच लांब हॉलात. बाकांना बाकं खेटलेली, खिडक्यांना जाहिरातीचे फलक ठोकलेले, आणि वर जायला एकच जिना, दोन माणसं शेजारून जाऊ शकणार नाहीत असा. पोरं त्या जिन्यानं लोंढ्यासारखी वर येत होती. पेढे वाटले जात होते. पंचशीला हसत होती, लेकाच्या शर्टची कॉलर नीट करत होती.

ज्ञानोबा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. वरून खाली बघत होता. सगळ्यांना एकदम उतरायची वेळ आली तर ही पोरं कुठून जातील, हे तो मोजत होता. लेकाला सांगावं की न सांगावं, ह्यात त्याचा बराच वेळ गेला. आता मधी यायचा आपल्याला हक्क उरलाय का, हे त्याला कळत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर अश्वजित शेजारी येऊन उभा राहिला.

"दुसरा जिना काढून घे," ज्ञानोबा खाली बघतच म्हणाला.

अश्वजितचा जबडा आवळला. ज्ञानोबाला वाटलं, आता हा निघून जाईल. पण तो गेला नाही. त्यानंही जिन्यातून खाली बघितलं.

"मालक काढू देईना, आबा. बघू."

ज्ञानोबा नांदेडला परत गेला नाही. पंचशीला गेली, मनिषाकडं. तो लातूरला लेकाच्या घरी राहिला, आणि क्लास सुटायच्या वेळी रोज त्या जिन्याशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायला लागला. पोरं दप्तरं घेऊन धावत यायची. तो उठून आडवा हात धरायचा. "एकेक. घाई न्हाई. एकेक उतरा." पोरं कुरकुरायची, मागची पुढच्यांना रेटायची, कुणी त्याच्या नकला करायचं. तो हात काढायचा नाही.

अश्वजित फळा पुसता पुसता दारातून हे बघायचा. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, हे आजोबा कोण? रोज अडवतात."

"माझे वडील हायेत," अश्वजित म्हणाला. "एकेक उतरा."